टचपॅड पुन्हा पुन्हा अडतोय? आधी त्याच्याखालची बॅटरी बघा

टचपॅडवर बोट फिरवलं की बाण नीट हलतो, पण दाबून क्लिक करायला जावं तर टचपॅड दबतच नाही. डाव्या कोपऱ्यात कसाबसा दबतो, उजवीकडे नुसता दगड. कधी याच्या उलट होतं, कोणी हात न लावता क्लिक पडत राहतात आणि उघडलेल्या फाइली आपोआप बंद होतात. दुकानात दाखवून आणला की महिना-दोन महिने बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सांगलीत उन्हाळा लागला की ओळखीपाळखीतले जे लॅपटॉप माझ्याकडे येतात, त्यांत ही तक्रार सगळ्यात जास्त. बहुतेकांनी तोवर बाहेरून माउस जोडून वेळ मारून नेलेली असते.

टचपॅड, ड्रायव्हर, विंडोज यांच्या मागे लागण्याआधी माझं एकच सांगणं असतं. लॅपटॉप बंद करा, टेबलावर ठेवा आणि बॅटरी फुगली आहे का ते बघा. टचपॅड दुरुस्त करूनही दुखणं परत येत असेल, तर दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

असं का होतं ते आतली रचना बघितली की लगेच कळतं. आताच्या लॅपटॉपची बॅटरी बाहेरून खटका दाबून निघत नाही. आपण मनगट टेकतो त्या भागाखाली ती आडवी पसरलेली असते आणि टचपॅड बरोबर तिच्या डोक्यावर येतो. दोघांमध्ये जागा असते ती जेमतेम. जुन्या बॅटऱ्यांत गोल, पोलादी कवचाचे सेल असायचे. आता लॅपटॉप पातळ करायच्या नादात सेल चपटे झाले आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पिशवीत बंद झाले. सेल जुना झाला, तापला, पूर्ण भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिला, की आतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला रासायनिक द्रव, विघटित होऊन कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन असे वायू तयार होतात. पिशवी सगळीकडून बंद, वायूला वाट नाही. मग ती पुरीसारखी टम्म फुगते. वर फुगली तर टचपॅडला खालून रेटते, खाली फुगली तर तळाच्या झाकणाला पोक येतो.

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाच्या दिवाणजींनी ऐन हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत असाच एक लॅपटॉप आणला होता. म्हणाले, "सर, ह्याचा टचपॅड बदलून झाला, परत तेच. मग त्यांनी खालचे स्क्रू जरा ढिले करून दिले, तेवढ्यापुरतं बरं चाललं. आता तर झाकण पण बसंना." स्क्रू ढिले करून दिले, हे वाक्य ऐकलं आणि निम्मं निदान तिथेच झालं. स्क्रू ढिले केल्याने बॅटरीला फुगायला आणखी थोडी जागा मिळाली आणि टचपॅडवरचा दाब तात्पुरता उतरला, इतकंच. दुकानाने हे अजाणता केलं की जाणूनबुजून, ते मला माहीत नाही. पण फुगलेली बॅटरी दिसत असताना स्क्रू ढिले करून गिऱ्हाईक परत पाठवणं मला तरी पटत नाही.

उघडण्याआधीची तपासणी

लॅपटॉप काचेच्या किंवा ग्रॅनाइटच्या सपाट पृष्ठावर ठेवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने बोट दाबा. डुगडुगला तर तळ सपाट राहिलेला नाही. एखादा रबरी पाय निघाला असेल तरीही डुगडुगतो, म्हणून तेही बघून घ्या. मग मुलांच्या कंपासमधली स्टीलची पट्टी घ्या, मनगट टेकायच्या भागावर टचपॅडवरून आडवी धरा आणि डोळे पट्टीच्या पातळीला आणा. पट्टी मध्ये टेकली आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसला, की समजायचं. दिवाणजींच्या लॅपटॉपवर पट्टी चक्क तराजूच्या दांडीगत वरखाली होत होती.

आणखी दोन खुणा आहेत. वरच्या आणि खालच्या भागाच्या सांध्यात पुढच्या बाजूला फट पडते, इतकी की कधी कधी नख जातं. आणि झाकण मिटल्यावर स्क्रीन एका बाजूने उचललेली राहते. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा, किंचित गोडसर वास येत असेल तर पिशवी कुठेतरी फुटलेली आहे. मग पुढचं काही वाचत बसू नका. लॅपटॉप उचलून मोकळ्या हवेत ठेवा.

बॅटरी किती वेळ बॅकअप देते यावर मात्र भरवसा ठेवू नका. "दोन तास चालतो की, बॅटरी चांगली आहे" असं हमखास ऐकायला मिळतं. फुगलेली बॅटरीसुद्धा बऱ्यापैकी बॅकअप देऊ शकते. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढायची सोय आहे: कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी हे एकत्र टाइप करायचं, एक जागा सोडून तिरकी रेघ द्यायची आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट लिहायचं, अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत. जी फाइल तयार होते तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी म्हातारी झाली हे नक्की. पण आकडे चांगले आले म्हणून ती फुगलेली नाही असं ठरत नाही. पट्टीची तपासणी या अहवालापेक्षा खरी.

आता, टचपॅडची प्रत्येक तक्रार बॅटरीचीच असते असंही नाही. चार्जर लावला की बाण थरथरतो, उड्या मारतो आणि चार्जर काढला की सुतासारखा सरळ होतो, अशी तक्रार असेल तर ती अर्थिंगची. गावभागातल्या जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. लॅपटॉपची बॉडी धातूची असेल तर हाताला मुंग्याही येतात. तिथे वायरमनला बोलवा, लॅपटॉप उघडू नका. आणि बाणच हलत नसेल, तर कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं टचपॅड बंद-चालू करणारं बटण चुकून दाबलं गेलंय का ते आधी बघा. हसू नका, असेही लॅपटॉप येतात.

फुगलीच असेल तर

चार्जिंग त्याच क्षणी थांबवा. चार्जर काढा आणि उरलेली बॅटरी लॅपटॉप वापरूनच २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या. भरलेल्या सेलमध्ये ऊर्जा जास्त असते, काही बिघडलंच तर भडकाही मोठा होतो. ती खाली येईपर्यंत डेटाचा बॅकअप घ्या. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर असेल तर त्यातल्या कंपनीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर घेऊन समाधान मानू नका. लॅपटॉप तापला किंवा वास यायला लागला तर मात्र वापरही थांबवा.

याच वेळी आणखी एक काम उरकून घ्या, लोक हे हमखास विसरतात. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं तर चालू होताना बिटलॉकर या कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खातं उघडून ती मिळतेय ना ते बघा आणि कागदावर उतरवून ठेवा.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर इथेच थांबा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावा. फुगलेली बॅटरी सुरक्षेच्या यादीत मोडते, बोलताना तेच शब्द वापरा. "टचपॅड चालत नाही" म्हणालात तर टचपॅडचीच तक्रार नोंदवली जाईल.

आणि एक ठाम मत. बॅटरी स्क्रूंनी बसवलेली असेल तर घरी बदला, गोंदाने चिकटवलेली असेल तर हात घालू नका. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये बॅटरी चार-सहा स्क्रूंवर बसते, पण मॅकबुक आणि काही फार पातळ मॉडेलमध्ये सेल थेट सांगाड्याला चिकटवलेले असतात. फुगलेली पिशवी खरवडून काढायची म्हणजे विस्तवाशी खेळ. आपल्या मॉडेलचं उघडण्याचं चित्र किंवा व्हिडिओ आधी बघून घ्या, म्हणजे आत काय आहे ते झाकण काढण्याआधीच कळतं.

नवीन बॅटरी घेताना

लॅपटॉपचं मॉडेल सांगून बॅटरी मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये तीन सेलची आणि चार सेलची अशा दोन वेगळ्या बॅटऱ्या येतात. त्यांचा आकार वेगळा, स्क्रूंच्या जागा वेगळ्या. जुन्या बॅटरीच्या लेबलवर (ते तळाचं झाकण काढल्यावर दिसतं, कसं काढायचं ते पुढे आहे) छापलेला पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॉट-अवर हे तीन आकडे जुळले पाहिजेत. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार म्हणजे वॉट-अवर. ११.४ व्होल्ट आणि ३६०० मिलिअँपिअर-अवर, म्हणजे ३.६ अँपिअर-अवर, लिहिलं असेल तर ४१ वॉट-अवर यायला हवेत. लेबलवरचं गणितच जुळत नसेल तर ते लेबल कुठेतरी छापून चिकटवलेलं आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी लागते. लेबलवर आर या इंग्रजी अक्षरापुढे आकडे असलेला नोंदणी क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कोणाच्या नावावर नोंद आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

मूळ कंपनीची बॅटरी महाग पडते, कबूल. दुसऱ्या बनावटीच्या चांगल्या बॅटऱ्याही असतात. पण निम्म्याहून कमी दरात "ओरिजिनल" मिळत असेल तर ती ओरिजिनल नाही, मग ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेली असो की पुण्याच्या तापकीर गल्लीतून. उत्पादनाची तारीखही बघा. कपाटात दोन-तीन वर्षं पडून राहिलेली बॅटरी नवीन असूनही म्हातारीच.

नकली ओळखायची माझी आवडती युक्ती वजनाची. फुगल्यामुळे बॅटरीचं वजन बदलत नाही, कारण वायू आतल्या द्रवातूनच तयार झालेला असतो आणि पिशवीबाहेर काही गेलेलं नसतं. त्यामुळे मूळ बॅटरी स्वतःच वजनाचं माप ठरते. चाळीसेक वॉट-अवरची बॅटरी साधारण दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नवीन बॅटरी ठेवा. तेवढेच वॉट-अवर लिहून ती तीस-चाळीस ग्रॅमने हलकी निघाली, तर आत तेवढा माल नाही.

काढणं आणि बसवणं

जागा मोकळी निवडा. गॅलरी, ओटा, गच्चीचा जिना चालेल, पण ऊन नको. शेजारी घमेल्यात कोरडी वाळू ठेवा. चुकून सेलमधून धूर किंवा फुसफुस सुरू झाली तर ती बॅटरी वाळूत टाकून लांब व्हायचं आणि धूर नाकात जाऊ द्यायचा नाही. आग वाढतेय असं वाटलं तर १०१. आजवर माझ्यावर ती वेळ आलेली नाही, पण घमेलं दर वेळी शेजारी असतं.

हत्यारं फार लागत नाहीत. झीरो नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि झाकणाच्या खाचा सोडवायला प्लास्टिकचं पातळ काहीतरी. गिटारची प्लास्टिकची पिक उत्तम. मिरजेत वाद्यांच्या दुकानात सहज मिळते. सतारीची नखी मात्र तारेची असते, ती घेऊ नका. जुनं एटीएम कार्डही चालतं. धातूची पट्टी, सुरी, पेचकसाचं टोक यातलं काहीही बॅटरीच्या आसपास न्यायचं नाही.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, स्लीपवर ठेवून नव्हे. विंडोजचं शटडाउनही काही वेळा अर्धवट असतं, म्हणून शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. लेनोवोचा थिंकपॅड असेल तर बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती बंद करायचा पर्याय असतो, तो वापरा.

स्क्रूंसाठी एक पुठ्ठा घ्या, त्यावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू काढला की आकृतीत त्याच जागी खोचा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर तो वरच्या बाजूला टोचून मनगटाच्या जागी टेंगूळ आणतो, कधी बोर्डही फोडतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, रबरी पट्टीखाली किंवा पायांखाली एखाद-दुसरा दडलेला असतो.

फुगलेल्या बॅटरीने झाकण आतून ताणलेलं असतं. म्हणून एक स्क्रू पूर्ण काढून मग दुसरा, असं न करता सगळे आधी थोडे थोडे ढिले करा, शेवटच्या दोनांच्या वेळी झाकणावर तळहात ठेवा. नाहीतर ते फटकन उडतं. पिक बिजागरीच्या बाजूने घाला, पुढच्या बाजूने नाही. पुढे फट आधीच मोठी दिसते, मोह तिथेच होतो. पण बॅटरीही तिथेच असते. पिक दोन-तीन मिलिमीटरच्या आत जाता कामा नये. टक टक आवाज करत खाचा सुटत जातात.

दिवाणजींच्या लॅपटॉपचं झाकण निघालं तेव्हा तीनपैकी मधला सेल फुगून उशीगत वर आला होता आणि नंतर बॅटरी उचलली तेव्हा त्याच्या पलीकडच्या बाजूला, काळ्या वेष्टनावर, टचपॅडच्या धातूच्या चौकटीचा चौकोनी ठसा उमटलेला दिसला. शेजारी फॅनच्या जाळीत हळदीची पिवळी भुकटी गच्च. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, तो पुढे सांगतो.

पहिलं काम कनेक्टर सोडवण्याचं. त्याच्या जाती आहेत. काही सरळ वर उचलले की निघतात, काही वायरच्या दिशेने सरकवावे लागतात, काहींवर तारेची छोटी कडी असते ती आधी उलटवायची. वायर धरून ओढायचं नाही, प्लास्टिकच्या टोकाला नखाने किंवा पिकने ढकलायचं. अकरा-बारा व्होल्टचा झटका बसत नाही, धोका शॉर्ट होण्याचा असतो. म्हणून हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. कनेक्टर सुटला की पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, बोर्डावरचा उरलासुरला चार्ज निघून जातो.

आता मोबाइलवर फोटो काढा. स्पीकरची वायर बऱ्याचदा बॅटरीच्या कडेच्या खाचेतून फिरवलेली असते आणि परत बसवताना ती कुठून जात होती ते हमखास विसरायला होतं. वायर खाचेतून सोडवा, बॅटरीचे स्क्रू काढा आणि बॅटरी उचलताना प्लास्टिकच्या चौकटीला धरा, सेलच्या पिशवीला नाही. दाबायची नाही, वाकवायची नाही. "सुईने बारीक भोक पाडून हवा काढली की परत चपटी होते" हा सल्ला मी सांगलीतच ऐकलाय. अजिबात करू नका. आतला वायू ज्वलनशील असतो, इलेक्ट्रोलाइटचा हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, आणि सुई आतल्या दोन थरांना जोडून शॉर्ट करते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी.

बॅटरी बाहेर आली की नवीन बसवायची घाई करू नका. आधी खरा निकाल लावा. झाकण ठेवून दोन-तीन स्क्रू लावा, लॅपटॉप सुलटा करा आणि टचपॅड दाबून बघा. क्लिक स्वच्छ वाजला तर टचपॅड निर्दोष आहे, नवीन टचपॅडचे पैसे वाचले. फार दिवस रेटून चौकट वाकली असेल किंवा काचेला तडा गेला असेल तर मात्र तोही बदलावा लागतो. बॅटरीशिवाय बरेच लॅपटॉप नुसत्या ॲडॉप्टरवर चालतात. नवीन येईपर्यंत काम भागतं, पण महावितरणने डोळा मिचकावला की लॅपटॉप जागच्या जागी बंद. यूपीएस असेल तरच हिशेबाचं काम करा. काही मॉडेलमध्ये घड्याळाचा वेगळा छोटा सेल नसतो, त्यांची तारीख मागे जाते आणि मग जीएसटीचं पोर्टल सुरक्षेची सूचना दाखवून उघडायला नकार देतं. तारीख दुरुस्त केली की उघडतं.

नवीन बॅटरी बसवणं सोपं. चौकट खाचांत बसवा, स्पीकरची वायर फोटोप्रमाणे फिरवा, स्क्रू लावा, कनेक्टर शेवटी. झाकण सगळीकडून हाताने दाबून बसलं पाहिजे, स्क्रूने ओढून नव्हे. तसं बसत नसेल तर कुठेतरी वायर चिमटली आहे.

पॉवरचं बटण दाबून काहीच झालं नाही तर घाबरू नका. नवीन बॅटरी कारखान्यातून झोपलेल्या अवस्थेत येते, ॲडॉप्टर लावला की जागी होते. चालू झाल्यावर पुन्हा तो बॅटरीचा अहवाल काढा आणि डिझाइन कपॅसिटी लेबलशी जुळतेय का बघा. एकदा १०० टक्के भरून, दहाच्या आसपास उतरवून पुन्हा भरली की टक्क्यांचा काटाही ठिकाणावर येतो.

परत फुगू नये म्हणून

बॅटरी बदलून लोक थांबतात आणि पुढच्या-त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात परत येतात. बॅटरी का फुगली ते कारण तसंच राहिलेलं असतं.

"रात्रंदिवस चार्जिंगला ठेवल्याने ओव्हरचार्ज झाली" हे खरं नाही. पूर्ण भरली की सर्किट करंट तोडतं. खरं दुखणं असं की सेल १०० टक्क्यांवर, म्हणजे सर्वांत जास्त व्होल्टेजवर, आणि वर उकाड्यात महिनोन्महिने बसून राहतो. अशा सेलचं चार्जिंग साधारणपणे ४५ अंशांच्या आत व्हावं अशी अपेक्षा असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला भिडतो, पेढीवर पत्र्याचं छप्पर, लॅपटॉप गादीवर ठेवलेला, खालची हवेची जाळी गादीत रुतलेली आणि फॅनमध्ये हळदीची भुकटी. बॅटरीला ४५ गाठायला किती वेळ लागणार?

दिवाणजींना मी सांगितलं ते असं. गादीवर लाकडी पाट ठेवा आणि त्यावर लॅपटॉप. फॅनची जाळी हंगामात दर महिन्याला ब्रशने साफ करून घ्या. ब्लोअर मारताना फॅनची पाती काडीने अडवून धरा. आणि चार्जिंगला मर्यादा लावा, हे सगळ्यात महत्त्वाचं. लेनोवोच्या व्हॅन्टेज ॲपमध्ये कन्झर्वेशन मोड आहे, तो मॉडेलप्रमाणे ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवतो. आसुसच्या मायआसुस ॲपमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग आहे. डेलमध्ये बायोसमध्येच मुख्यतः विजेवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी वेगळा पर्याय असतो, एचपीच्या ऑफिससाठीच्या मॉडेलमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर, एसरच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा. दिवसभर पेढीवर बसणाऱ्या लॅपटॉपला ८० पुरेसे होतात. "मग पूर्ण चार्ज होत नाही म्हणून मालक ओरडतील," दिवाणजी म्हणाले. मालकांना पट्टीची तपासणी दाखवा म्हटलं. अशी सोय नसलेला जुना लॅपटॉप असेल तर दिवसातून एकदा चार्जर काढून बॅटरी चाळिशीपर्यंत उतरू द्या.

लॅपटॉप महिना-दोन महिने कपाटात ठेवायचा असेल तर निम्मी बॅटरी भरून ठेवा. पूर्ण भरून नको आणि शून्यावर तर मुळीच नको.

राहिली जुनी बॅटरी. घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती चिरडली जाते आणि गाडीच पेट घेऊ शकते. भंगारवाल्यालाही देऊ नका, तो तांब्यासाठी हातोडीने फोडतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला ई-कचरा गोळा करणारा गाठा. तोपर्यंत कनेक्टरवर चिकटपट्टी गुंडाळून ती कोरड्या वाळूसह पत्र्याच्या डब्यात ठेवा, झाकण नुसतं वर टेकवून, घट्ट नाही. डबा ऊन आणि पोरांच्या हातापासून लांब राहू दे, आणि कृष्णेच्या काठाला घर असेल तर पावसाळ्यात तळमजल्यावर ठेवू नका.